येशूची शिकवण रोजच्या जगण्यात कशी आणायची: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

हे लिहायचं कारण एवढंच की माझं पहिलं दीड वर्ष नुसतं वाया गेलं. म्हणजे चर्चला जात होतो, बायबल वाचत होतो, संदेश, म्हणजे प्रवचन, चालू असताना वहीत भराभर लिहूनही घेत होतो, पण सोमवार उजाडला की मी तोच. तोच चिडका, ऑफिसात "मेल पाठवलाय, स्पॅममध्ये बघ ना" म्हणायचं आणि मग घाईघाईने तो मेल लिहायला घ्यायचा, तोच माणूस. मग कुणीतरी सांगितलं अजून वाच, अजून उपास कर, पहाटे चारला ऊठ, तर तेही केलं, सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं आणि तीन आठवड्यांत सगळं एकदमच बंद पडलं. वर अपराधीपणा मिळाला तो फुकटात.

नंतर जे थोडंफार जमलं ते कसं जमलं ते खाली लिहितोय. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू नाही, की धर्मशास्त्र शिकलेला नाही, त्यामुळे अवघड प्रश्न तुमच्या पाळकांना विचारा. मी फक्त "आज सकाळी नेमकं काय करू" एवढ्यापुरतंच बोलणार आहे, कारण माझी गाडी तिथेच अडली होती.

सुरुवातीला काय काय लागेल

- बायबल. जमलं तर दोन भाषांतरं ठेवा, एक जुनं आणि एक सोप्या भाषेतलं. जुन्यातली वाक्यं लक्षात राहतात, सोप्यातली कळतात. वाचायचा कंटाळा असेल तर ऑडिओ चालेल, पहिल्या शतकात बहुतेक लोकांनी हे सगळं ऐकलंच होतं.
- खिशात मावेल अशी छोटी वही. फोनमध्ये लिहू नका, नोंद करायला फोन उघडला की अर्ध्या तासाने भलत्याच व्हिडिओवर सापडता.
- खरं बोलणारा एक माणूस, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं देणारा. नवरा किंवा बायको शक्यतो नको, कारण वहीतल्या निम्म्या नोंदी त्यांच्याबद्दलच असणार.
- दिवसाची पंधरा-वीस मिनिटं. पहाटेचीच हवीत असं काही नाही. येशू पहाटे अंधारात उठून एकांतात गेला हे मार्क १:३५ मध्ये (मार्क या पुस्तकाचा पहिला अध्याय, ३५वं वचन) आहे, पण "तुम्हीही याच वेळी उठा" अशी आज्ञा कुठे नाही.

भाष्यग्रंथ, कोर्स, महागडं स्टडी बायबल वगैरे आत्ता नको. मी ते सगळं आधी घेतलं आणि घेण्यातच समाधान मानलं.

१. आधी थोडंच वाचा, पण क्रियापदं बघत वाचा

बरेच नवीन लोक बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करतात आणि तिसऱ्या, लेवीयपर्यंत येता येता दमतात. शिकवण जगायची असेल तर मत्तय ५ ते ७ धरा, ज्याला डोंगरावरचं प्रवचन म्हणतात. तीन अध्याय, १११ वचनं, मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत होतं. येशूची पूर्ण गोष्टच माहीत नसेल तर आधी मार्क वाचून घ्या, १६ अध्यायांचं सगळ्यात छोटं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक) आहे.

वाचताना पेन्सिल घ्या आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. जा, समेट कर, दे, दार लाव, प्रार्थना कर, आधी काढ. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, एकदा कंटाळून असंच रेघा मारत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की येशू "चांगले व्हा" असं मोघम फार कमी बोलतो, तो हातापायांना आणि जिभेला काम सांगतो. आम्हीच त्याचं मोघम करून टाकतो, कारण मोघम असलं की करावं लागत नाही.

आणि सगळ्यात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर त्याने दोन सांगितल्या, देवावर सर्वस्वाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी (मार्क १२:२८-३१). दोन्ही जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागातल्या आहेत, पहिली अनुवाद ६ मधली, दुसरी लेवीय १९ मधली. हे दोन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे कुठली पायरी करताना गोंधळ झाला तर तिथे जाऊन बघायचं.

२. एक वचन, एक माणूस, एक वेळ

ही पायरी नीट वाचा, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

आठवड्याला एकच वचन घ्या. मग वहीत तीन गोष्टी लिहा: कोणाशी, कधी, नेमकं काय. "मी या आठवड्यात प्रेमळ राहीन" हे चालणार नाही. "मंगळवारच्या मीटिंगमध्ये अमुक सहकारी बोलत असताना मी त्याचं वाक्य तोडणार नाही" हे चालेल. दुसरं वाक्य वाचून तुम्हाला थोडं हसू येईल, एवढ्याशा गोष्टीला धर्म म्हणायचं का असंही वाटेल, मलाही वाटलं होतं. मंगळवारी मीटिंगमध्ये बसा आणि मग सांगा एवढीशी आहे का ते.

माणूस निवडताना जवळचा निवडा. लांबच्या गरजूंसाठी मन पटकन भरून येतं आणि त्यात खोटं काहीच नाही, पण रोज ज्याच्याबरोबर बाथरूमच्या नंबरावरून वाद होतो तिथे शिकवण लगेच लागू होते आणि तिथे ढोंग फार वेळ चालत नाही.

लूक ९:२३ मध्ये आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याबद्दल आहे, त्यात लूकने "दररोज" हा शब्द दिलाय. मत्तय आणि मार्क याच ठिकाणी तो देत नाहीत. मला तो शब्द फार उपयोगी पडला. एका मोठ्या त्यागाची वाट बघत बसायचं नाही, आजचा काय तो बघायचा.

इथे हमखास फसतात ते असं: वचन वाचल्यावर डोक्यात लगेच दुसऱ्याचं नाव येतं. "हे तर तिने वाचायला हवं." मी तर एकदा अधोरेखित वचनाचा फोटो काढून नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, सगळ्यांना कळलं कुणाला उद्देशून आहे. कुसळ आणि मुसळ आपल्या तोंडी इतकं बसलंय की ते मत्तय ७:३-५ मध्येही आहे हे विसरायला होतं. तिथे क्रम दिलाय बघा, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. म्हणजे दुसऱ्याला काहीच बोलायचं नाही असं नाहीये, आधी स्वतःचं, एवढंच.

३. प्रार्थना छोटी ठेवा आणि दार लावा

मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच धोक्याची सूचना आहे, लोकांनी बघावं म्हणून करू नका. तिथे ढोंगी म्हणून जो ग्रीक शब्द आहे, हुपोक्रितेस, तो नाटकातल्या नटासाठी वापरायचे. हे कळल्यावर मला माझ्या चर्चमधल्या लांबलचक प्रार्थना आठवल्या आणि कान गरम झाले.

करायचं असं: खोलीचं दार लावा, फोन बाहेर, आणि प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९-१३) एकेक ओळ थांबून म्हणा. "आजची आमची भाकर" म्हटलं की आजची नेमकी गरज सांगा. "आम्हांला क्षमा कर" म्हटलं की कालची नेमकी चूक. "जशी आम्ही केली आहे" इथे आलात की थांबा आणि एक नाव घ्या. कारण पूर्ण प्रार्थनेत याच एका ओळीबद्दल येशू लगेच पुढे दोन वचनं परत समजावून सांगतो (६:१४-१५), बाकीच्या ओळी सांगून तो पुढे जातो. पाच-सात मिनिटं पुरतात. शब्द सुचले नाहीत तर गप्प बसा, फार बडबड करू नका हेही त्याच अध्यायात आहे.

उपासाचं मी इथे फार सांगत नाही. तब्येत सांभाळून करा, औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारून, आणि केलात तर कुणाला सांगू नका.

४. जीभ: होय म्हणजे होय

मत्तय ५:३७. तुमचं होय ते होय, नाही ते नाही असावं. मला वाटायचं हे शपथांबद्दल आहे, आणि आहेच, त्या वेळी लोक स्वर्गाची, यरुशलेमची, स्वतःच्या डोक्याची शपथ घ्यायचे म्हणून वरच्या वचनांमध्ये तेच येतं. पण शपथ कधी लागते? साध्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नसतो तेव्हा. तर काम असं आहे की आपलं साधं बोलणंच विश्वासाचं झालं पाहिजे.

एक आठवडा फक्त हे करून बघा. दिवसभरात जे जे छोटं खोटं बोलाल त्याची रात्री वहीत एक उभी रेघ. "रस्त्यात आहे" (अजून घरीच होतो). "नेटवर्क नव्हतं." "नक्की बघतो." "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" हे तर सगळ्यात वाईट, मी किती जणांना म्हटलं असेल आणि केली नसेल त्याला हिशोब नाही. पहिल्या दिवशी माझ्या अकरा रेघा झाल्या, आणि मी स्वतःला प्रामाणिक माणूस समजत होतो. आता "प्रार्थना करतो" म्हणायचं असेल तर तिथेच उभ्या उभ्या एक वाक्य मनात म्हणून टाकतो, मग उरलेलं सुचलं तर सुचलं.

खोटं तोंडातून निघून गेलं असेल तर दुरुस्त करायची सोपी पद्धत: "मी आत्ता चुकीचं बोललो, मेल अजून लिहिलेला नाही, चारपर्यंत देतो." पहिल्यांदा जीव जातो. समोरच्याला मात्र चारला मेल मिळण्याशी मतलब असतो, तो फार काही बोलत नाही.

रागावर ५:२१-२२ वाचा. तिथे खुनाच्या आज्ञेच्या शेजारी रागात भावाला मूर्ख म्हणणं ठेवलंय. याचं रोजचं काम म्हणजे चिडून लिहिलेला मेसेज लगेच पाठवायचा नाही, आणि घरात कुणाच्या अकलेवरून बोलायचं नाही. एवढंच धरा, यातच महिना जाईल.

५. भांडण मिटवणं (इथे वेळ द्या)

मत्तय ५:२३-२४. वेदीवर दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे.

यातला एक तपशील माझ्या वाचण्यातून कितीतरी दिवस निसटला होता. हे ऐकणारे बरेच लोक गालीलातले आणि वेदी होती यरुशलेममध्ये. शंभर किलोमीटरच्या वर अंतर, पायी तीन-चार दिवस लागायचे. म्हणजे कुणी खरंच तसं करायचं ठरवलं तर दान तिथे ठेवून परत चार दिवस चालायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा चार दिवस चालत यायचं. ऐकणाऱ्यांना ते लगेच कळलं असणार. आमचा भाऊ तर फोनच्या एका बटणावर असतो.

आणि दुसरं म्हणजे "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे" असं तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. चूक कुणाची होती हा प्रश्नच विचारलेला नाही.

माझं आणि मोठ्या भावाचं बोलणं तीन वर्षं बंद होतं, घराच्या कागदांवरून. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणालो, "दादा, मी तेव्हा जे बोललो ते चुकीचं होतं, पण तूही समजून घ्यायला हवं होतंस." झालं. त्या एका "पण"ने आधीपेक्षा वाईट भांडण झालं. फोन ठेवल्यावर मला वाटलं मी माझं कर्तव्य केलं, आता त्याचं तो बघेल. खरं तर मी माफी मागायच्या नावाखाली हिशोब मागायला गेलो होतो.

त्यातून शिकलेली पद्धत:

- आधी कागदावर लिहा, माझ्या हातून नेमकं काय झालं. एकच गोष्ट, तारखेनिशी आठवत असेल तर तशी. "काही चुकलं असेल तर माफ कर" म्हणजे माफी नव्हे, त्यात काहीच कबूल केलेलं नसतं.
- "पण", "तरी", "मला तसं म्हणायचं नव्हतं" हे शब्द खोडा.
- भेटून किंवा फोनवर बोला. मेसेज शेवटचा पर्याय, आणि ग्रुपवर तर नाहीच.
- नुकसान झालं असेल तर भरपाई काय देणार ते आधीच ठरवून जा.
- बोलून झालं की थांबा. समोरचा चिडू शकतो, गप्प राहू शकतो. लगेच "आपलं ठीक आहे ना आता?" असं विचारू नका, ते स्वतःच्या समाधानासाठी असतं.

दुसऱ्या वेळी मी तसं केलं. भाऊ म्हणाला "बरं" आणि फोन ठेवला. यावर पुढे शेवटी सांगतो.

उलट बाजू, म्हणजे चूक समोरच्याची असेल तेव्हा मत्तय १८:१५-१७ बघा. आधी एकट्याने, एकांतात जाऊन सांगायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जायचं. मग मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांपुढे. आम्ही करतो बरोबर उलटं, आधी चार जणांना फोन, मग स्क्रीनशॉट, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. "प्रार्थनेसाठी सांगतोय हं" असं म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं चहाडीच असते, मी स्वतः तसं केलंय म्हणून बोलतोय.

६. क्षमा, आणि क्षमा म्हणजे काय नाही

येशूचा शिष्य पेत्र, त्याने विचारलं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं सत्तर वेळा सात, आणि मग त्या दोन कर्जदारांची गोष्ट, राजाने एका दासाचं प्रचंड कर्ज माफ केलं, पण त्या दासाने सोबतच्या दासाचं लहानसं कर्ज सोडलं नाही (मत्तय १८:२१-३५). आकडे कधी मांडून बघितलेत का? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत तोच दर आहे. एक तालांत साधारण ६,००० दिनारांचा. पहिल्या दासावर कर्ज १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, एकही सुट्टी न घेता दीड लाखाहून जास्त वर्षं. आणि तो म्हणतो "मला वेळ द्या, सगळं फेडतो." ऐकणारे तिथे हसले असतील असं मला वाटतं.

त्याला दुसऱ्या दासाकडून येणं होतं १०० दिनार. हेही लक्षात घ्या की ते किरकोळ नाहीत, तीन-चार महिन्यांची कमाई आहे. तुमचं दुखणं खरंच मोठं असू शकतं, ते लहान आहे असं येशू म्हणत नाही. मला हे कळल्यावर क्षमा करणं सोपं झालं, कारण आधी मला वाटायचं क्षमा म्हणजे "काही झालंच नाही" असं म्हणायचं.

करायचं काय: ज्याला क्षमा करायचीय त्याचं देणं वहीत लिहा, अगदी बिलासारखं. काय घेतलं, काय बोलला, काय बुडवलं. मग प्रार्थनेत ते बिल वाचा आणि म्हणा की हे मी वसूल करणार नाही. उद्या परत आठवेल, परत म्हणा. लूक १७:४ मध्ये दिवसातून सात वेळा असा आकडा आहे, एकाच माणसाला, एकाच दिवसात.

आता सावध करतो. कुणी मारत असेल, छळ करत असेल, मुलांना धोका असेल तर "क्षमा कर आणि सहन कर" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठ्या पदावरचा असो. आधी सुरक्षित जागी जा, मदत मागा, तक्रार करायची तर करा. क्षमा मनातून वसुली सोडण्याची आहे, त्याच माणसाच्या हातात पुन्हा मान देण्याची नाही.

दुसरा गाल पुढे करण्याचं वचन (मत्तय ५:३९) याच कामासाठी वापरून लोकांना गप्प बसवलं जातं. तिथे नेमका "उजवा" गाल म्हटलाय. समोरासमोर उभ्या माणसाने उजव्या हाताने उजव्या गालावर मारलं तर ती उलट्या हाताची थप्पड होते, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे विषय अपमानाचा आहे, बदल्यात अपमान करू नका. आणि स्वतः येशूला महायाजकासमोर थप्पड बसली तेव्हा तो गप्प राहिला नाही, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८:२२-२३). परत मारलं नाही, पण विचारलं.

७. दुसरा मैल, फक्त एका कामात

रोमी शिपाई कुणालाही धरून सामान वाहायला लावायचे, कुरेनेकर शिमोनाला येशूचा वधस्तंभ वाहायला लावला तो असाच. मत्तय ५:४१ म्हणतं एक मैल नेलं तर दोन जा. पहिला मैल जबरदस्तीचा, दुसरा तुमच्या मर्जीचा.

आठवड्यातलं एक काम निवडा जे तुम्ही कपाळाला आठ्या घालून करता. तेवढं एकच काम सांगितल्यापेक्षा थोडं जास्त आणि नीट करा. सगळ्याच कामात दुसरा मैल चालायला गेलात तर महिन्याभरात आजारी पडाल आणि घरच्यांवर ओरडाल, अनुभव आहे.

८. पैसा

येशू पैशाबद्दल खूप बोलतो आणि आम्ही चर्चमध्ये तेवढ्यावर कमी बोलतो, निदान वर्गणीचा विषय सोडून.

पहिलं काम परतफेड. लूक १९ मधला जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे स्वतःहून कबूल केलं तर मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यावं लागायचं (लेवीय ६:५), त्याने त्याच्या कितीतरी पुढे जाऊन सांगितलं. तर दान द्यायच्या आधी वहीत लिहा, माझ्याकडे कुणाचं काय राहिलंय. उसने पैसे, न परतवलेलं पुस्तक, ऑफिसच्या खर्चात घुसडलेलं स्वतःचं बिल. छोट्यापासून फेडत चला.

मग दान. ठरलेली रक्कम, महिन्याच्या सुरुवातीला, आणि डाव्या हाताला कळू न देता (मत्तय ६:३), म्हणजे फोटो नाही, स्टेटस नाही. किती द्यायचं यावर मंडळी-मंडळीत वेगवेगळी मतं आहेत, मी त्यात पडत नाही. पण कुणी "इतकं द्या म्हणजे देव दुप्पट देईल" असं सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा. विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दानात टाकल्या (मार्क १२:४१-४४) तेव्हा तिला परत काय मिळालं हे तिथे लिहिलेलंच नाही.

आणि चिंता. मत्तय ६:२५-३४ मध्ये "चिंता करू नका" तीनदा येतं, तीनदा सांगावं लागलं म्हणजे ऐकणाऱ्यांनाही जमत नव्हतं. मी पानाच्या मधोमध रेघ मारतो, डावीकडे चिंता, उजवीकडे त्याबद्दल आज करता येण्यासारखं एक काम. काम असेल तर करायचं, नसेल तर ती ओळ प्रार्थनेत वाचायची. झोप न येण्याइतकी, खाणं सुटण्याइतकी चिंता असेल तर मात्र डॉक्टरकडे जा, तो विश्वासाचा अभाव नसतो.

९. शेजारी: शोमरोनी माणसाने काय काय केलं ते मोजा

लूक १०:२५-३७ मधली गोष्ट, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला याजक (मंदिरातला पुरोहित) टाळून जातो आणि यहुदी ज्यांना परके मानायचे त्यातला एक शोमरोनी मदत करतो, सगळ्यांना पाठ असते म्हणून कुणी नीट वाचत नाही. याजक यरुशलेमहून यरीहोकडे "खाली" चालला होता, म्हणजे मंदिराच्या सेवेला उशीर होतोय असंही कारण त्याला नव्हतं, तो तर तिकडून परतत होता. मी हे वाचलं ते रविवारची उपासना संपवून घाईने घरी निघालेलो असताना एकाला टाळून आल्यानंतर, त्यामुळे जास्तच लागलं.

आता शोमरोनी माणसाची कामं मोजा. थांबला, जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले, जास्त लागलं तर परतताना देतो म्हणाला. आणि मग तो आपल्या कामाला गेला! हे मला फार उशिरा दिसलं. त्याने प्रवास सोडला नाही, उरलेली काळजी ज्याचं ते काम होतं त्याच्याकडे सोपवली, पैसे दिले आणि परत यायचं कबूल केलं. मदत करणारे बरेच जण सगळं स्वतःच करायला जातात आणि मग चिडचिडे होतात किंवा एकदम गायब होतात. तुम्ही किती देणार, कधीपर्यंत आणि पुढे कोण बघणार हे मदतीच्या पहिल्याच दिवशी बोलून घ्या. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशोब करायला येशूनेच सांगितलंय (लूक १४:२८), तो शिष्य होण्याबद्दल बोलत होता, पण इथेही लागू पडतं.

महिन्यातून एक माणूस असा शोधा जो तुमच्या मंडळीतला नाही, तुमच्या मताचा नाही, आणि त्याच्यासाठी एक ठोस काम करा. चर्चला बोलवायच्या हेतूने नाही. ते त्याला कळतं.

१०. चुकलात की काय करायचं

चुकणार. माझा अंदाज तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा वही फेकायची नाही.

पेत्राने येशूला आपण ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं, आणि योहानाच्या शुभवर्तमानात ते घडतं कोळशाच्या शेकोटीजवळ (१८:१८). मग २१ व्या अध्यायात समुद्राच्या काठी येशू शिष्यांसाठी न्याहारी तयार करून बसलाय आणि तिथेही कोळशाची शेकोटी आहे, ग्रीकमध्ये तोच शब्द, नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. आधी खायला दिलं. मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिन्ही वेळा काम सोपवलं, माझी मेंढरं सांभाळ. भाषण दिलं नाही.

तर चुकल्यावर: त्याच दिवशी वहीत एक ओळ, काय झालं. ज्याच्याशी झालं त्याला चोवीस तासांच्या आत जाऊन सांगायचं, पायरी ५ प्रमाणे. शनिवारी त्या खरं बोलणाऱ्या माणसाला वही वाचून दाखवायची. आणि पुढच्या आठवड्यात तेच वचन पुन्हा घ्यायचं, नवीन नाही. माझं मत्तय ५:३७ सलग नऊ आठवडे चाललं होतं, सोबतचा माणूस शेवटी म्हणाला बाबा रे आता तरी मेल वेळेवर पाठव.

दादाचा अजून स्वतःहून फोन आलेला नाही. मध्ये एकदा त्याच्या मुलीच्या निकालाचा मेसेज आला, एका ओळीचा, मी अभिनंदन लिहिलं, पुढे काही नाही. कागदांतला माझ्याकडे राहिलेला त्याचा हिस्सा मी मागच्या महिन्यात पोस्टाने पाठवलाय, पोच मिळाली आहे. येत्या रविवारी पुन्हा फोन करणार आहे, उपासनेच्या आधी, आणि काय बोलायचं ते लिहून "पण" खोडून ठेवलंय.